अंदाजपत्रकातली तिथी

मराठी माणसाच्या मनात कॅरिबियन बेटं वसली ती क्रिकेटमुळे. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघानं पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजला हरवलं, सुनील गावसकरांनी पहिल्याच मालिकेत ४ कसोटींत ७७४ धावा काढल्या, आणि त्रिनिदाद, बार्बाडोस, जमैका ही नावं दादर-गिरगावातल्या चाळींना शेजारच्या गल्लीइतकी ओळखीची झाली. आता त्याच घरांतली पुढची पिढी तिथं सुट्टीला जाण्याचा हिशेब खरोखरच मांडू लागली आहे. हिशेब किचकट असतो. मुंबईहून थेट विमान नाही, त्यामुळे लंडन किंवा अमेरिकेतलं एखादं शहर गाठून पुढं जायचं, वाटेतल्या देशाचा व्हिसा लागेल का ते पाहायचं, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचा खर्च वेगळा धरायचा. पण या सगळ्याच्या आधी महिना ठरवावा लागतो. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा हंगाम. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत हवा कोरडी आणि आल्हाददायक असते, म्हणून खोल्यांचे भावही तेव्हाच चढतात. तिथं जाणारा माणूस आधी आभाळ आणि समुद्र पाहतो, मग खिसा चाचपतो. हाच माणूस रायगडच्या किनाऱ्यावर निघाला, की त्याच्या अंदाजपत्रकातून समुद्र नाहीसा होतो. पेट्रोल, टोल, खोली, जेवण असे चार आकडे आणि जोडून आलेली सुट्टी, एवढ्यावर सहल ठरते. माझं म्हणणं असं की किनाऱ्याच्या सहलीचं अंदाजपत्रक शहराच्या घड्याळावर मांडलं तर ते पाहुण्याला महाग पडतं आणि किनाऱ्यालाही फारसं लाभत नाही. तेच समुद्राच्या पंचांगावर मांडलं तर दोघांनाही परवडतं.

पंचांग हा शब्द इथं अगदी खऱ्या अर्थानं घ्यायचा. चालू तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ मिळते, हा ठोकताळा या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. द्वादशीच्या बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे नऊच्या सुमाराला भरती, आणि तिथून सहा तासांनी, तीनच्या सुमाराला, ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती येते बाराच्या आसपास. आता अलिबागचा कुलाबा किल्ला डोळ्यांसमोर आणा. पाणी ओसरलं की या किल्ल्यात वाळूवरून चालत जाता येतं, घोडागाडीही जाते. एखादं कुटुंब पौर्णिमेच्या शनिवारी सकाळी मुंबईहून निघून अकरा-बाराला किनाऱ्यावर पोचतं, तेव्हा किल्ला चारी बाजूंनी पाण्यात उभा असतो. मग पाणी ओसरेपर्यंतचे तास काढायचे कुठं? ते जातात शहाळ्यात, भेळेत, स्कूटरच्या फेरीत आणि मुलांच्या हट्टात, आणि शेवटी किल्ला न पाहताच मंडळी परततात. द्वादशीला आलं असतं तर जेवून, थोडं पडून, दुपारी पायीपायी किल्ल्यात जाता आलं असतं. अष्टमीला मात्र वेगळी काळजी घ्यावी लागते. त्या दिवसांत भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी फार चढत नाही तसं फार मागेही हटत नाही, त्यामुळे वेळ जुळली तरी वाट कोरडी मिळेलच असं नाही. पैसा न लागता मिळणारी ही माहिती कुठल्याही सवलतीपेक्षा जास्त पैसे वाचवते. आणि प्रश्न पैशाचाच नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्या दुःखाचा दोष कुणाच्या माथी मारायचा नाही. पण एका दिवसात जाऊन येण्याच्या घाईत समुद्र ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत त्यात उतरावं लागतं, हे खरं आहे. एक रात्र मुक्काम वाढवला तर ओहोटी सरेपर्यंत थांबता येतं. अंदाजपत्रकातला तो खर्च मला सगळ्यांत सार्थ वाटतो.

दिवसाचं पंचांग झालं, तसंच वर्षाचंही. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा लाँच बंद असतात. हवा साथ देईल तेव्हा चालणारी, २०२० साली सुरू झालेली भाऊच्या धक्क्यावरची रो-रो तेवढी असते. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या नांगरून पडतात आणि किल्ला पाहुण्यांना बंद होतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची मनाई. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहीपर्यंत कोळीवाड्यातली कमाई जवळपास थांबलेली. म्हणजे या किनाऱ्यावरच्या नावाड्यानं, खानावळवाल्या काकूंनी, घोडागाडीवाल्यानं वर्षाचं पोट आठ महिन्यांत भरायचं. त्या आठ महिन्यांतही माणसं येणार शनिवार-रविवारी, दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात. मधल्या मंगळवारी-बुधवारी नागावच्या वाड्यांतल्या खोल्या रिकाम्या असतात, काशीदच्या वाळूवर टपऱ्यांचे बाक उलटे ठेवलेले असतात. सगळं शहर एकाच शुक्रवारी रात्री निघतं आणि वडखळला अडकून पडतं. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, शिवडीहून न्हावाकडचं अंतर मिनिटांवर आलं, पण सेतू उतरल्यावर रस्ते तेच आणि गर्दीही तीच. शनिवारचा चढा भाव हा लोभाचा आहे असं सरसकट म्हणणाऱ्यानं हे आठ महिने एकदा मोजून पाहावेत.

इथं पुन्हा कॅरिबियनकडे वळावंसं वाटतं. त्या बेटांनी पर्यटनावर अख्खे देश चालवून पाहिले आहेत आणि त्यांचा अनुभव आपल्याला फुकट शिकता येतो. तिथल्या कित्येक रिसॉर्टांत सगळं धरून एकच रक्कम घेतात. खोली, न्याहारी, दोन वेळचं जेवण, पेयं, करमणूक, सगळं त्यात. पाहुणा घरून निघण्याआधीच पैसे भरतो आणि फाटकाबाहेर पाऊल टाकायचं त्याला कारण उरत नाही. अँटिग्वात जन्मलेल्या जमैका किंकेड यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या छोट्या पुस्तकात पाहुण्याच्या ताटाकडे बोट दाखवलं. बेटावर बसून तो जे चवीनं खातो, त्यातलं बरंचसं मायामीहून विमानानं आलेलं असतं. म्हणजे पैसा बेटावर उतरतो आणि बेटावर न थांबताच परत जातो. रायगडच्या किनाऱ्याचं मोठं भाग्य हे की इथलं ताट अजून इथलंच आहे. वाडीतला नारळ, वाडग्यातली सोलकढी, खाचरातला तांदूळ, सकाळच्या बाजारातली मासळी, वेणी घालून टांगलेला अलिबागचा पांढरा कांदा. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी तर मसाला लावलेली कोंबडी. पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं करायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. तेल नाही, पाणी नाही. पाल्याचा तो कडवट-धुरकट वास शेंगेच्या दाण्यात उतरतो आणि शेतावर कुडकुडत उभं राहिल्याचं सार्थक होतं.

दिवेआगरच्या एखाद्या घरगुती खानावळीत मोदक सांगून पाहा. आदल्या दिवशी सांगावे लागतात, कारण सारणापासून उकडीपर्यंत सगळं घरातच व्हायचं असतं. सकाळी वाडीत पडलेला नारळ सोलला जातो, विळीवर खवला जातो, गुळात शिजून त्याचं सारण होतं. उकड मळताना हात तेल-पाण्यानं ओले ठेवावे लागतात, पारी बोटांनी पातळ करत न्यावी लागते आणि कळ्या पडल्या की मग मोदक मिटतो. पानात पडलेल्या त्या मोदकावर तूप घालताना त्यामागे किती हात लागले हे ताटावरून कळत नाही. नारळ सोलणारा गडी, वाडी शिंपणारं घर, पिठी काढणारी गिरणी, वाढणारी सून. दिलेल्या पैशाचे वाटे त्याच गावात पडतात. याचा पडताळा दिवेआगरनंच दिला आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये सुपारीच्या वाडीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि माणसांचा ओघ सुरू झाला. वाड्यांतून खोल्या उभ्या राहिल्या, चुली मोठ्या झाल्या. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन रखवालदारांचे जीव घेऊन तो मुखवटा नेला आणि पाहुण्यांची वर्दळ ओसरली. मुखवट्याची प्राणप्रतिष्ठा पुन्हा झाली ती २०२१ मध्ये. मधल्या वर्षांत गावाच्या पोटावर काय आलं, हे तिथल्या खानावळी जाणतात. त्यातच ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरुड, दिवेआगरच्या वाड्यांत नारळी-पोफळी काड्यांसारख्या मोडून पडल्या. नवी पोफळ उत्पन्नाला येते पाच-सात वर्षांनी. तोवर त्या वाडीला तग धरायला आधार काय, तर वाडीतल्या दोन खोल्या आणि त्यांत उतरणारा पाहुणा.

यावर पहिला आक्षेप येतो तो सरळ खिशाचा. मध्यमवर्गीय माणूस वर्षभर काटकसर करून चार दिवस बाहेर पडतो, त्यानं गावाचं अर्थकारण कशाला वाहायचं? आक्षेप रास्त आहे, पण मी जास्त खर्च करा असं म्हणतच नाही. आडवारी गेलं की खोली स्वस्त, रस्ता मोकळा. गेटवेहून लाँचनं गेलं तर मांडव्याहून अलिबागची बस तिकिटातच धरलेली असते आणि गाडीचं पेट्रोलही वाचतं. तेवढ्याच रकमेत एक मुक्काम वाढतो. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. स्थानिकही लुबाडतात, भाव तोंड पाहून ठरतो. काही ठिकाणी असं घडतं, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दर आधी विचारावेत, फलक नसेल तर लावायला सांगावा, पटलं नाही तर दुसऱ्या दारी जावं. मात्र ठरलेल्या भावात उन्हात उभ्या असलेल्या शहाळेवाल्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालणं आणि कार्डानं भरलेल्या हजारांच्या बिलाकडे न पाहणं, याला काटकसर म्हणता येत नाही. तिसरं म्हणणं वयस्कर आईवडील आणि लहान मुलं असलेल्यांचं. त्यांना स्वच्छ न्हाणीघर, जिना नसलेली खोली, रात्री डॉक्टर मिळण्याची खात्री हवी असते. त्यांनी खुशाल रिसॉर्टात राहावं. फक्त सगळं धरून घेतलेल्या रकमेत दोन वेळचं जेवण धरू नये, ते बाहेर घ्यावं. एवढ्यानंसुद्धा वाटे पडतात.

उरतो तो कामाचा प्रश्न. सुट्टी शनिवारीच मिळते, शाळा मेमध्येच बंद होते, मग तिथी कुठून जुळवायची? पूर्ण जुळत नाही, मान्य. गिरणी-कचेरीच्या वेळापत्रकावर जगणाऱ्यांना समुद्राचं वेळापत्रक परकं वाटणारच. पण ज्यांना घरून काम करता येतं, जे निवृत्त झाले आहेत, ज्यांची मुलं अजून शाळेत जात नाहीत, अशी घरं आता थोडी नाहीत. त्यांनी शनिवार सोडला तरी शनिवारची गर्दी हलकी होईल आणि बुधवारी चूल पेटेल. ज्यांना सोडता येत नाही त्यांनी निदान पावसाळा संपतानाचे दिवस पाहावेत. नारळी पौर्णिमा झालेली, भातं पोटरीला आलेली, हरिहरेश्वराच्या कड्यावरून समुद्र अजून गढूळ दिसतो, पण मासळी पुन्हा बाजारात येऊ लागलेली असते. जंजिरा कधी उघडतो एवढं मात्र विचारून घ्यावं.

तेव्हा यंदा कागद घेऊन बसाल तेव्हा पहिल्या रकान्यात रक्कम नको, तिथी लिहा. तिच्यासमोर भरती-ओहोटीची वेळ, मग मुक्काम, मग जेवण कुठल्या घरी ते. खानावळीला आदल्या दिवशी फोन करा, किती माणसं आणि किती मोदक ते नक्की सांगा, आणि सांगितलंत तर जेवायला जा. मोबाईलची रेंज सगळीकडे नसते, थोडे सुटे पैसे जवळ ठेवा.