फुकेतच्या उपसागरात एक दिवस

फुकेतला जाऊन आलेल्या कुटुंबांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. तीस-चाळीस माणसांच्या स्पीडबोटीत कोंबले, एका बेटावर वीस मिनिटे, दुसऱ्यावर अर्धा तास, जेवणात काय होते ते कोणी सांगितले नाही, आणि अम्मीची कंबर दोन दिवस धरून राहिली. त्यापेक्षा दोन-तीन भावांच्या कुटुंबांनी मिळून दिवसभरासाठी स्वतंत्र नौका भाड्याने घेतली तर खर्च वाटला जातो आणि वेळ आपल्या हातात राहतो. पण हा बेत तिथल्या हॉटेलच्या काउंटरवर उभे राहून ठरवायचा नाही, घरीच ठरवायचा.

पहिला प्रश्न महिन्याचा. जूनमध्ये कोकणातल्या होड्या ज्या वाऱ्यामुळे किनाऱ्यावर ओढल्या जातात तोच नैऋत्य मोसमी वारा मे ते ऑक्टोबर फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळत असतो. नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र शांत असतो, भाडेही तेव्हाच चढे. शाळेच्या सुट्टीमुळे मे महिन्यातच जाणे भाग असेल तर दक्षिणेकडची राचा बेटे सोडून द्यावीत आणि पूर्वेकडच्या फांग-न्गा उपसागरात जावे. फुकेत बेटच मध्ये आडवे येत असल्याने तिथे लाटा कमी असतात. हा फरक क्षुल्लक नाही. ५ जुलै २०१८ रोजी राचाहून परतणारी पर्यटकांची बोट वादळात बुडाली आणि ४७ माणसे गेली. त्या दिवसांत हवामान खात्याचा इशारा होता, तरी बोटी निघाल्या होत्या. म्हणून कप्तान नको म्हणाला तर पैशांकडे न बघता थांबावे, आणि हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास रक्कम परत मिळेल की तारीख बदलून मिळेल, हे आगाऊ देण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

दुसरा प्रश्न तारखेचा, आणि इथे आपल्या घरातले हिजरी कॅलेंडर कामाला येते. चांद्र महिन्याच्या सुरुवातीला आणि चौदा-पंधरा तारखेच्या आसपास उधाणाची भरती असते, सात-आठ आणि एकवीस-बावीसच्या सुमारास भांग. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको. फांग-न्गाचा उपसागर उथळ आहे. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत दोन-अडीच मीटरहून जास्त फरक पडतो आणि ओहोटीला काही किनाऱ्यांसमोर नुसता चिखल उघडा पडतो. को पनाक आणि को हाँग या बेटांच्या पोटात 'हाँग' आहेत. थाई भाषेत हाँग म्हणजे खोली. चुनखडीच्या डोंगराआड आकाशाला उघडी असलेली ही तळी, आत जायला काही ठिकाणी काळोखी गुहा, तीही लहान कनूमध्ये पडून राहून. भरती जास्त झाली की गुहेचे तोंड बंद, कमी झाली की कनू चिखलात. म्हणून "सकाळी नऊला निघू" असे सांगू नका, "त्या दिवशी हाँगमध्ये जायची वेळ कोणती?" असे विचारा. ज्याला याचे उत्तर देता येत नाही त्याची नौका घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

नौकेचे म्हणाल तर वयस्कर माणसे आणि लहान मुले असतील तेव्हा दोन अंगांची कॅटमरान बरी. ती कमी डुलते, वर सावली असते, बसायला ऐसपैस. पण ती तासाला जेमतेम तेरा-चौदा किलोमीटर जाते. तेव्हा दक्षिणेच्या चालाँग धक्क्यावरून न निघता ईशान्येच्या आओ पो धक्क्यावरून निघावे. तिथून को पनाक सुमारे तासाभरावर येते. पी-पी बेटांवरची प्रसिद्ध माया बे या नौकेने एका दिवसात करण्याचा हट्ट नको. प्रवाळाची हानी भरून यावी म्हणून ती खाडी जून २०१८ पासून जानेवारी २०२२ पर्यंत बंदच होती, आणि आताही नौका थेट खाडीत नेता येत नाही. १९७४च्या जेम्स बाँड चित्रपटामुळे गाजलेला को तापूचा सुळकाही लांबूनच पाहावा. जवळ नौका न्यायला मनाई आहे आणि किनाऱ्यावर शंख-शिंपल्यांची दुकाने आहेत.

खरे थांबायचे ते को पन्यी गावात. जावाहून आलेल्या मच्छीमार मुस्लिमांनी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी उभ्या कड्याच्या पायथ्याशी पाण्यात खांब रोवून हे गाव वसवले. घरे, शाळा, बाजार, सगळे लाकडी फळ्यांवर. मशिदीचा सोनेरी घुमट लांबूनच दिसतो. १९८६चा विश्वचषक पाहून इथल्या मुलांनी जुन्या लाकडांचे तरंगते फुटबॉल मैदान केले. चेंडू पाण्यात गेला की मागोमाग मुले. दुपारी पर्यटकांच्या गर्दीने उपाहारगृहे गजबजतात, म्हणून एकनंतर पोहोचावे. जोहरची वेळ साडेबाराच्या आसपास होते, ती मशिदीत किंवा नौकेवर साधते. किब्ला आपल्यासारखाच पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. असरही परतीच्या वाटेवर मिळते. जेवण गावातच घेतल्यास हलालचा प्रश्न सुटतो. नौकेवरच्या स्वयंपाक्याची कढई आधी कशाला वापरली हे विचारत बसण्यापेक्षा नौकेवर फळे, शहाळी, बिस्किटे एवढेच ठेवायला सांगावे, आणि दारू नको हेही बुकिंगमध्येच नोंदवावे. एक ध्यानात असू द्या, हे लोकांचे राहते गाव आहे. उघड्या दारातून कोणाच्या घरातल्या बायकांचे फोटो काढू नयेत.

पोहण्यासाठी महिलांना निवांत जागा हवी असेल तर कप्तानाला आधी सांगा. उपसागरात निर्जन लहान किनारे आहेत आणि स्वतंत्र नौकेचा खरा फायदा तिथेच कळतो. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटे निघण्यापूर्वी स्वतः घालून पाहा. मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटते. प्रवाळाला घातक रसायने असलेली सनस्क्रीन थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून बंद आहेत, त्यामुळे डबीवरची ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट ही नावे तपासा, किंवा सरळ लांब बाह्यांचे कपडे घाला. इंधन, उद्यानाचे प्रवेशशुल्क, कनूचे भाडे आणि विमा दरात धरला आहे का, हे चार आकडे वेगवेगळे मागून घ्या. संध्याकाळी सहाच्या आत धक्क्यावर परतायचे ठरवले तर मगरिब हॉटेलवर होते.