बैठकीतला पळस

फुलांचे फोटो भिंतीवर लावणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात हसत आलो. दंतवैद्याकडे वाट बघताना समोर दिसणारा गुलाब, नव्या फ्लॅटमध्ये सोफ्यामागे टांगलेली तीन तुकड्यांतली ऑर्किडं. ज्यांना चित्रातलं काही कळत नाही, त्यांनी भिंत भरायला शोधलेली सोय, असं माझं मत. मुलीने वेरूळच्या वाटेवर टिपलेला पळस मोठा छापून, फ्रेम करून आणला, तेव्हा मी म्हणालो, "बैठकीत नको. आतल्या खोलीत लाव." तिने मुकाट्याने लावला. या तुसडेपणाला मी अभिरुची समजत होतो.

गंमत म्हणजे, घरी येणाऱ्या प्रत्येकाला बीबी का मकबरा दाखवायला मीच नेतो आणि तिथल्या गिलाव्यातली वेलबुट्टी कौतुकाने दाखवतो. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने आईच्या कबरीभोवती फुलं काढून घेतली म्हणतात, ती कला. माझ्या मुलीने आणलं, ते शोभेचं.

या मताला तडा गेला तो अजिंठ्यात. पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे दाटीने उभे होते. मला काही दिसेना, म्हणून वर पाहिलं. छतभर चौकटी आणि त्यांत कमळं, कळ्या, फळं, पाखरं. वाकाटकांच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, कुणीतरी मान मोडेपर्यंत वर बघत ती रंगवली होती. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यांच्या ग्रंथात या छतांचीही चित्रं आहेत. मी ती पानं भराभर उलटली होती. नक्षीच तर आहे! बोधिसत्त्वाच्या डोक्यावरचं कमळ ज्यांना कमी प्रतीचं वाटलं नाही, त्यांच्यापुढे मी कोण लागून गेलो होतो?

तरी पळवाट शोधलीच. हाताने रंगवणं वेगळं, बटण दाबणं वेगळं.

घरी येऊन आतल्या खोलीत गेलो आणि तो फोटो पहिल्यांदा नीट पाहिला. मखमली काळसर देठ, चोचीसारखी वळलेली केशरी पाकळी आणि तिच्या कडेला किडीने कुरतडलेलं भोक. चित्रकाराने ते बहुधा गाळलं असतं. इथे ते होतं, म्हणून तो कुठलाही पळस नव्हता. त्या फाल्गुनात, त्या झाडावर होता, तोच होता. वेरूळच्या त्या वाटेने मी जन्मभर ये-जा केली. असं फूल मला एकदाही दिसलं नव्हतं.

मग लाजिरवाणं ते कळलं. माझा आक्षेप कलेचा नव्हताच. येणारा जाणकार आपल्याला अडाणी समजेल, ही भीती होती. माझ्या घरातली भिंत मी लोकांच्या डोळ्यांनी बघत होतो, आणि त्यापायी मुलीची नजर नाकारली.

पळस आता बैठकीत आहे, ऊन येत नाही अशा भिंतीवर, कारण उन्हाने छपाईचे रंग उडतात. तीन तुकड्यांतली ऑर्किडं मला आजही आवडत नाहीत. आणि भीती पुरती गेली, असंही नाही. कुणी चित्रांतला माणूस घरी आला, की मी आधी त्याचाच चेहरा बघतो.