वाकडं तोंड

माझ्या तोंडाबद्दल आमच्या घरात पूर्वीपासूनच तक्रार आहे. भाजीत मीठ कमी पडलं की मी तोंड वाकडं करतो. धाकटा मेव्हणा चार दिवस राहायला येतो म्हणाला की वाकडं करतो. ‘एक दिवस तसंच राहील, मग कळेल,’ हे आमच्या हिचं चाळीस वर्षांचं ठरलेलं वाक्य. गेल्या जानेवारीत ते तसंच राहिलं.

झालं काय, आमची नात ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरला असते. तशा शिकवण्या आमच्या नांदेडात काही कमी नाहीत. पण नांदेडची पोरं लातूरला आणि लातूरची नांदेडला पाठवल्याशिवाय आईबापांना आपण काही केल्यासारखं वाटत नसावं. तर तिला डिंकाचे लाडू पोचवून मी पहाटेच्या बसनं परत निघालो. मला मोकळी हवा लागते. चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड येईपर्यंत खिडकी उघडीच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली, ती समोर बेसिनमध्ये न जाता डाव्या कोपऱ्यातून बनियनवर आली. आरशात पाहिलं, तर उजवी बाजू माझी आणि डावी भलत्याच कुणाची तरी. गाल ओघळलेला, डोळा मिटायचं नाव घेईना.

खोटं कशाला सांगू, पाय लटपटले. आमचे वडील अर्धांगानं तीन वर्षं अंथरुणावर होते. त्यांचं तोंड असंच दिसायचं.

शेजारच्या काकूंनी दारातूनच निदान केलं, “अगं माय! अंगावरून वारं गेलं की हो!” तासाभरात निम्मी गल्ली जमली. कुणी विटेचा शेक सांगितला, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. आमच्याकडं अंडंसुद्धा येत नाही, तर कबुतर कुठून आणणार!

डॉक्टर म्हणाले, “कपाळाला आठ्या घाला.”

“त्यात ते पटाईत आहेत,” ही म्हणाली.

पण आठ्या उजव्या निम्म्या कपाळालाच पडल्या. डॉक्टर एकदम खूश झाले. मग गाल फुगवायला लावले, दात दाखवायला लावले, शेवटी म्हणाले, “शीळ घाला.” सदुसष्टाव्या वर्षी, बायकोसमोर! ती काही वाजली नाही. तेव्हा त्यांनी उलगडा केला. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, त्यामुळं मेंदूतला झटका असता तर कपाळ बहुधा शाबूत राहिलं असतं. निम्मं कपाळही गेलं, म्हणजे मेंदू ठीक आहे, बिघाड बाहेरच्या तारेत. कानामागं हाडात एक अरुंद बोळ असतो, त्यातून चेहऱ्याची नस येते. तिला सूज आली आणि ती बोळात आवळली गेली. गळिताच्या दिवसांत गल्लीत उसाची ट्रॉली अडकावी तशी. दुखण्याचं नाव बेल्स पाल्सी, चार्ल्स बेल नावाच्या स्कॉटिश डॉक्टरावरून. बरेचसे लोक यातून बरे होतात. खिडकीच्या वाऱ्याचं मी विचारलं, तर म्हणाले, संशय आहे तो एका विषाणूवर.

माझा जीव भांड्यात पडला, पण अब्रू धोक्यात आली. माणूस मिनिटाला दहा-पंधरा वेळा पापण्या मिटतो. माझी एकच मिटायची. इतवाऱ्यात भाजी घेताना एका बाईंनी मेथीची जुडी परत ठेवून माझ्याकडं असं पाहिलं, की दुसऱ्या दिवसापासून मी काळा चष्मा लावला.

पुढं विजेचा शेक सुरू झाला. शेक कसला, पेनसारखी एक कांडी गालावर टेकवायची, की गाल टुणकन उडायचा! मी मनातल्या मनात ओरडून सांगितलं तरी न हलणारा माझाच गाल त्या बाईंच्या बटणासरशी हलत होता. “स्नायू चांगले आहेत, काका. त्यांना हुकूमच पोचत नाही,” त्या म्हणाल्या. यानं नस लवकर बरी होते की नाही, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. मला मात्र तो गाल जिवंत आहे एवढं दिसलं तरी पुरे होतं. यंत्रावर ‘गॅल्व्हॅनिक’ असं लिहिलेलं. हा गॅल्व्हानी म्हणजे मेलेल्या बेडकाचे पाय विजेनं उडवणारा इटलीतला गृहस्थ. १७९१ साली त्यानं ते छापलं. म्हणजे माझा नंबर बेडकानंतरचा. पुढं पॅरिसच्या दुशेन नावाच्या डॉक्टरानं एका बोळक्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला विजेच्या तारा लावून त्याला हसवलं, रडवलं, घाबरवलं आणि १८६२ साली फोटोंसकट पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं, ओठांचं हसू आणता येतं. खऱ्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायू आकसतो, तो मनाच्या हुकमाला जुमानत नाही.

संक्रांतीला नात आली. तिळगूळ देताना मी “गोड गोला” म्हणालो. ओठ जुळल्याशिवाय ‘ब’ निघत नाही. ती हसली नाही. माझ्या शेजारी बसून तिनं सगळा धडाच म्हणून दाखवला. “आबा, नस आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात, मध्ये बारीक फट असते. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलिन सुटतं, स्नायूवर विजेची लहर जाते, मग आत साठवलेलं कॅल्शियम बाहेर पडतं.” तिनं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली. “या ॲक्टिनच्या दोऱ्या, या मायोसिनच्या. ॲक्टिनवर झाकण असतं, कॅल्शियम आलं की ते सरकतं. मग मायोसिनची मुंडकी दोरी धरतात, ओढतात, सोडतात, पुढं धरतात.” बोटं तेवढीच राहिली, पण आत सरकली. म्हणजे विहिरीतून पोहरा शेंदणंच की! हे १९५४ साली दोन वेगळ्या जोड्यांनी एकाच वेळी मांडलं आणि दोन्हींत एकेक हक्सली होता, पण ते नात्यातले नव्हते. लातुरात दोन देशमुख भेटावेत तसं.

“आणि धरलेली दोरी सोडायला एटीपी लागतं. मेल्यावर ते संपतं, म्हणून मुडदा ताठतो.”

“सणासुदीचं काय बोलतेस गं!” ही ओरडली. मला मात्र पटलं. आमच्या लोह्याच्या भाऊबंदांनी बांध धरलाय तो काही उगीच नाही. सोडायला खर्च येतो.

मग ती गप्प झाली. हळूच म्हणाली, “आबा, मी एवढं सांगितलं, तुम्ही एकदाही हसला नाहीत.”

मी हसत होतो. अगदी पहिल्यापासून. ती डावीकडं बसली होती.

मी तिला तसं सांगितलं. ती काही न बोलता उठली आणि माझ्या उजवीकडं येऊन बसली. लातूरला परत जाईपर्यंत ती उजवीकडंच बसत होती, जेवतानासुद्धा.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी चहात साखर नव्हती.

“आता काय झालं तोंड वाकडं करायला?” ही म्हणाली, आणि कप हातात धरून तशीच थांबली. जवळ आली. माझा चष्मा काढला.

“परत करा बघू.”

मी केलं. डावीकडं, ओठाच्या कोपऱ्याशी, तिळाएवढं काहीतरी हललं.

“अजून एकदा.”

तिनं आधी लातूरला फोन लावला. साखर मग आणली.