एका अक्षराची गोष्ट

शाळेच्या या वार्षिक अंकासाठीं कांहीं लिहावें अशी सूचना दरसाल होते, आणि दरसाल आम्ही एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र किंवा व्याकरणांतील एखादा वाद पुढें करून त्या सूचनेंतून मोकळे होतों. यंदा तसें करण्यास मन घेत नाहीं. पंधरा वर्षांपूर्वीं आमच्या हातून झालेली व गेल्या वर्षीं उघडकीस आलेली एक चूक वाचकांपुढें ठेवावी, असें फार दिवस वाटत आहे. ती आमच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगाची आहे, आणि ती सांगितल्यावांचून आमच्याही मनास स्वस्थता नाहीं.

उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही अणदुरास आपल्या घरीं होतों. ऊन उतरल्यावर ओट्यावर बसलों असतां आमची एक जुनी विद्यार्थिनी आपल्या वडिलांसह आली. ही मुलगी इंग्रजी घेऊन बी. ए. झाली, नंतर बी. एड. झाली आणि चार वर्षें सोलापुरास एका शाळेंत इंग्रजी शिकवीत होती. अरबी आखातांतील एका शाळेनें तिला शिक्षिकेची जागा देऊं केली आहे, हें आमच्या कानीं आलें होतें. म्हणून ती पेढे घेऊन आली असेल असें आम्हांस वाटलें. परंतु तिच्या हातांत पेढ्यांचा पुडा नव्हता, कागदांची पिशवी होती. लागोपाठ दोन पावसाळे सोयाबीन हातचें गेल्यामुळें घरावर कर्ज झालें होतें, धाकट्या भावाचें शिक्षण अर्ध्यावर होतें, आणि सर्वांची भिस्त या एका जागेवर होती. ती म्हणाली, “सर, माझे कागद परत आले. पासपोर्टावरील बाई आणि पदवीवरील बाई एकच कशावरून, असें ते विचारतात.”

ज्यांस या गोष्टींचा परिचय नाहीं, त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. परदेशीं शिक्षक म्हणून जावयाचें तर पदवीचा कागद दाखवून भागत नाहीं. तो कागद खरा आहे याचीही साक्ष लागते. प्रथम विद्यापीठानें पदवी आपलीच असल्याचें सांगावें, त्यावर राज्यशासनाची मोहोर व्हावी, तिच्यावर दिल्लीच्या परराष्ट्रमंत्रालयाची. हेग येथें १९६१ सालीं झालेल्या एका करारांत आपला देश २००५ सालीं सामील झाला. तेव्हांपासून त्या करारांतील बहुतेक राष्ट्रांस ‘अपोस्टिल’ नांवाची एकच मोहोर पुरते. इतरत्र त्या त्या देशाच्या वकिलातीची मोहोर आणखी लागते. इतकें होऊनही तेथील तपासनीस प्रत्येक कागदावरील नांव, जन्मतारीख व वर्ष अक्षरशः ताडून पाहतात. कांहीं देशांचे नियम तर याहून कडक आहेत. दक्षिण कोरियानें २००७ सालच्या अखेरीस परदेशी इंग्रजी शिक्षकांस आपण गुन्हेगार नसल्याचा दाखला व वैद्यकीय तपासणी आवश्यक केली. शिवाय तेथें इंग्रजी शिकविण्याची मुभा सामान्यतः इंग्रजी ही ज्यांची भाषा मानिली जाते अशा सात राष्ट्रांच्या नागरिकांसच असते. आपल्या लोकांसाठीं तें दार २०१० सालीं अमलांत आलेल्या व्यापारकरारानें थोडेंसें किलकिलें झालें, इतकेंच.

आम्हीं कागद हातीं घेतले. तिच्या नांवांत ‘व’ हें अक्षर आहे. जन्माच्या दाखल्यावर, आधारकार्डावर व पासपोर्टावर तें इंग्रजींत ‘डब्ल्यू’नें लिहिलें होतें, दहावीच्या गुणपत्रिकेवर, आणि तिच्या आधारानें पुढें पदवीवर व बी. एड.च्या प्रमाणपत्रावर, तें ‘व्ही’नें होतें. आडनांव तेंच, वडिलांचें नांव तेंच, जन्मतारीख तीच. फरक एका अक्षराचा. “दहावीच्या फॉर्मवर असें कोणीं लिहिलें?” असें आम्हीं सहज विचारलें. ती कांहीं बोलली नाहीं. तिच्या वडिलांनींही मान खालीं घातली. तेव्हां आम्हांस आठवलें.

त्या वर्षीं दहावीच्या वर्गाचे वर्गशिक्षक आम्हीच होतों. इंग्रजीचे पदवीधर म्हणून आम्हांस थोडी घमेंड होती, हें आतां कबूल करावयास हरकत नाहीं. मुलांचे फॉर्म तपासतांना त्यांच्या आईबापांनीं लिहिलेली इंग्रजी नांवें आम्ही ‘शुद्ध’ करीत असूं. या मुलीनें तेव्हां भीत भीत म्हटलें होतें, “सर, घरीं असें लिहित नाहींत.” त्यावर आम्ही म्हणालों होतों, “घरचें राहूं दे. बरोबर काय तें आम्हांस ठाऊक आहे.” वर्ग हंसला होता. तिनें आमच्या सांगण्याप्रमाणें पुन्हा लिहिलें व सही केली. पुढें शाळेच्या रजिस्टरांतही तेंच नांव आमच्या अक्षरांत चढलें. वस्तुतः ‘व’साठीं दोन्ही अक्षरें चालतात, एकही अशुद्ध नाहीं. म्हणजे जेथें चूक नव्हती तेथें आम्हीं चूक काढली, आणि ती सुधारतांना खरी चूक केली.

कागदावरून माणूस ओळखण्याची ही रीत आजची नाहीं. अमेरिकेहून आलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले, तेव्हां कंपनीसरकारचा परवाना त्यांच्यापाशीं नव्हता. तशांत अमेरिका व इंग्लंड यांत युद्ध चाललें होतें. त्यांना देशाबाहेर घालविण्याचा हुकूम झाला; ते कोचीनपर्यंत निसटले, परत आणले गेले, अर्जांवर अर्ज करीत राहिले, आणि अखेर त्यांना राहूं देण्यांत आलें. मुंबईंतील त्यांच्या शाळा त्यानंतरच्या. आमच्या गांवींही अशी आठवण आहे. १९४८ पर्यंत अणदूर निजामाच्या राज्यांत होतें, आणि सोलापूर १९४७ पर्यंत इंग्रजांच्या. आमचे आजोबा सोलापुराकडचे; वाट एका दिवसाची, पण मुलूख परका. १९१९ सालच्या फर्मानाप्रमाणें निजामाच्या सरकारी नोकरीस ‘मुलकी’ असल्याचें प्रमाणपत्र लागे, आणि बाहेरच्या माणसास त्यासाठीं पंधरा वर्षांचें वास्तव्य दाखवावें लागे. आजोबांना मुलें शिकवितां येत होतीं, पण मुलकीचा कागद नव्हता. म्हणून सरकारी शाळेचें दार त्यांना बंद राहिलें. ही गोष्ट ते आम्हांस अनेकदां सांगत, आणि ऐकतांना आम्हांस त्या कचेरीचा राग येई. नातवाच्या हातूनच पुढें कोणाचें तरी दार बंद व्हावयाचें होतें, हें तेव्हां कोणास ठाऊक!

आणि माणसांचेंच कशाला? आमच्या गांवच्या खंडोबाची मूर्ति वर्षांतून कांहीं काळ शेजारच्या नळदुर्गास जाते व उरलेला काळ अणदुरास असते. तिच्या नेण्याआणण्याचा दोन्ही गांवच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. जेथें श्रद्धा इतकी दृढ, तेथेंही कागद लागतो. कारण कागद हा अविश्वास नव्हे, उद्यां भांडण होऊं नये म्हणून आज केलेली तरतूद आहे. परदेशच्या तपासनिसाविषयीं आमच्या मनांत आतां कडवटपणा नाहीं, तो यामुळेंच. खोट्या पदव्या विकणारे लोक आहेत, आणि आपल्या मुलांपुढें कोण उभें राहतें हें पाहण्याचा प्रत्येक देशास हक्क आहे. त्यानें दोन नांवें पाहिलीं आणि दोन माणसें समजला. लबाडी त्याची नव्हती, तिचीही नव्हती; हलगर्जीपणा आमचा होता.

पुढचे तीन महिने आम्हांस फार शिकवून गेले. विद्यार्थी एकदां शाळा सोडून गेला कीं त्याचें नांव रजिस्टरांत आपल्या मनानें खोडून लिहितां येत नाहीं; शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. आम्हीं स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र केलें, त्यांत ‘हा फरक माझ्या हातून झाला’ असें लिहिलें आणि नोटरीसमोर सही केली. त्या सहीच्या वेळीं हात थोडा कांपला. ज्या अक्षराचा एवढा अभिमान होता, तें त्या दिवशीं आम्हांस फार परकें वाटलें. तिनें राज्याच्या राजपत्रांत नांवाविषयीं जाहिरात दिली, दोन्ही नांवें एकाच व्यक्तीचीं असल्याचें तिचें स्वतःचें प्रतिज्ञापत्र झालें, आणि सर्व कागद पुन्हा मोहोरांच्या वाटेला लागले.

परंतु तेथील शाळा ऑगस्टच्या अखेरीस उघडावयाची होती. वर्ग शिक्षकाविना राहूं शकत नाहीं, हें आम्हां शिक्षकांस कोणीं सांगावयास नको. तिची जागा दुसऱ्यास मिळाली. तिचे कागद पुरे झाले ते त्यानंतर.

हें कळलें त्या संध्याकाळीं आम्ही तिच्या घरीं गेलों. काय बोलावें तें सुचत नव्हतें. तिच्या आईनें चहा ठेवला. शेवटीं आम्ही म्हणालों, “बाई, आमचें चुकलें. तूं त्या दिवशीं बरोबर सांगत होतीस.” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “सर, तुम्हीच शिकविलेल्या इंग्रजीवर मला ती जागा मिळाली होती. तेंही तुमचेंच.” या वाक्यांत क्षमा होती कीं तक्रार होती, याचा उलगडा आम्हांस अजून झालेला नाहीं, बहुधा दोन्ही असावीं, आणि दोन्हींचे आम्ही पात्र आहों. सध्यां ती सोलापुरास पूर्वीच्याच शाळेंत शिकवीत आहे. कर्ज फिटलेलें नाहीं. कागद मात्र आतां निर्दोष असून पत्र्याच्या पेटींत ठेवलेले आहेत, आणि तिनें नवे अर्ज पाठविले आहेत.

विद्यार्थीमित्रहो, यंदां दहावीचे फॉर्म आले तेव्हां आम्हीं प्रत्येकास फॉर्म घरीं नेऊन जन्माच्या दाखल्याशीं ताडून पाहण्यास सांगितलें. वर्गांत एकेकास जवळ बोलावून ‘तुझें नांव तूं कसें लिहितोस?’ असें विचारलें व त्यानें सांगितलें तसेंच राहूं दिलें. दोन दिवस जास्त लागले. तुम्हीही आपलें, वडिलांचें व आईचें नांव आणि जन्मतारीख प्रत्येक कागदावर एकच आहे ना, हें आजच पाहून ठेवा; उद्यां तुम्ही कोठें जाल हें आज कोणास सांगतां येणार? आणि जर कोणी शिक्षक तुमचें नांव सुधारूं लागला, मग तो आम्हीच कां असेना, तर नम्रपणें पण स्पष्ट सांगा, “सर, घरीं असें लिहित नाहींत.” वर्ग हंसला तरी चालेल. त्या मुलीचा शब्द त्या दिवशीं आम्हीं ऐकला असता, तर हा लेख लिहिण्याची वेळ आम्हांवर आली नसती.