एक उत्तरपत्रिका, नऊ संगणक



ज्यांच्या शाळेत संगणक कक्ष आहे पण त्याला कुलूप आहे, त्यांच्यासाठी आजचा लेख. बऱ्याचदा ते संगणक बिघडलेले नसतातच. हळू झालेले असतात, व्हायरसने भरलेले असतात, नाहीतर त्यांच्यात विंडोज ७ असतं, ज्याचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले. विंडोज १० चाही नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपण नव्या संगणकांची मागणी पाठवतो, वाट बघतो, आणि पाचवीत आलेलं मूल माउसला हात न लावताच शाळेतून बाहेर पडतं.

आमच्याकडे असे दहा संगणक होते. लिनक्स टाकायचं ठरलं. पण पेनड्राइव्ह लावून एका संगणकाला साधारण तास जातो, आणि इन्स्टॉलर मधूनमधून प्रश्न विचारत राहतो. कीबोर्ड कोणता, पासवर्ड काय, हार्ड डिस्कची वाटणी कशी करू? म्हणजे शेजारी बसून राहा. वर्ग, पोषण आहार आणि रोजची ऑनलाइन माहिती सांभाळून हे दहा वेळा कोण करणार?

यावरचा उपाय जुनाच आहे. बहुतेक संगणकांना नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय असते, तिला पीएक्सई म्हणतात. संगणक सुरू होताना केबलमधून हाक मारतो, ‘मला पत्ता द्या आणि कुठून सुरू होऊ ते सांगा.’ उत्तर देणारा एक लॅपटॉप पुरतो. त्यावर डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवला की तो पत्ताही देतो आणि इन्स्टॉलरची फाईलही पाठवतो. आता राहिले प्रश्न. डेबियन या लिनक्समध्ये सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच एका साध्या फाईलमध्ये लिहून ठेवता येतात. तिला प्रिसीड म्हणतात. मी तिला उत्तरपत्रिका म्हणते. फक्त भाषा आणि कीबोर्डचे प्रश्न ही फाईल पोचण्याआधीच येतात, म्हणून त्यांची उत्तरं सुरुवातीच्या बूटच्या ओळीत लिहावी लागतात. इथे पुष्कळजण अडकतात.

इंटरनेट आमच्याकडे मोबाईलच्या हॉटस्पॉटचं. नऊ संगणकांनी तेच सॉफ्टवेअर नऊ वेळा उतरवलं तर डेटा दुपारीच संपेल. म्हणून लॅपटॉपवर ॲप्ट-कॅशर-एनजी ठेवलं. पहिल्या संगणकासाठी आलेली फाईल ते जपून ठेवतं आणि बाकीच्यांना तीच देतं. तुमचे संगणक अगदी जुने, ३२ बिटचे असतील तर डेबियन १२ घ्या. १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही उत्तरपत्रिका ‘हार्ड डिस्क पुसू का?’ या प्रश्नालाही हो म्हणते, आणि तुम्हाला परत विचारत नाही. ऑफिसचा संगणक त्याच स्विचला जोडलेला असेल आणि त्यात नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर असेल, तर निकालपत्रकं, दाखल्यांची माहिती, सगळं गेलं. आधी त्याची केबल काढा, मग लॅपटॉप लावा. लॅबमधल्या संगणकांतले जुने फोटोही आधी काढून घ्या. नेटवर्क बूट कायमचं पहिलं ठेवू नका, नाहीतर इन्स्टॉल संपून संगणक पुन्हा सुरू झाला की तो पुन्हा इन्स्टॉलच करायला लागतो. बहुतेकांत एफ१२ दाबून त्या एका वेळेपुरतं निवडता येतं. राउटर त्याच जाळ्यात नको, कारण पत्ता देणारे दोघे झाले की गोंधळ होतो. आणि फाईलमध्ये पासवर्ड उघडा लिहू नका, सांकेतिक रूपात लिहा.

मध्येच वीज गेली तर काय? काही नाही. आल्यावर पुन्हा एफ१२. हे मला या पद्धतीतलं सगळ्यात आवडतं.

पालक विचारतात, “मॅडम, पुढे सगळीकडे विंडोजच आहे, मग हे कशाला?” प्रश्न खोटा नाही. पण टायपिंग, फाईल जपून ठेवणं, तक्ता करणं या गोष्टी पोरं एकीकडे शिकली की दुसरीकडे फारशी अडत नाहीत. केरळच्या सरकारी शाळांत तर कितीतरी वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकवतात. आणि बंद विंडोजपेक्षा चालू लिनक्स बरं, हे माझं स्पष्ट मत. जीकॉम्प्रिस आणि टक्स पेंट उत्तरपत्रिकेतच लिहिले होते, त्यामुळे पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात आले.

दहावा संगणक मी मुद्दाम सोडला. उत्तरपत्रिकेची प्रिंट भिंतीवर लावली आणि सातवीच्या मुलांना तो हाताने इन्स्टॉल करायला दिला. एकीने प्रिंट वाचता वाचता विचारलं, “मॅडम, आपण महाराष्ट्रात, मग वेळेसमोर कोलकाता का लिहिलंय?” त्या दिवशी संगणकाचा तास तिथेच थांबला. नकाशा काढला, मिर्झापूर शोधलं, ८२°३०′ पूर्व रेखांशावर बोट ठेवलं. भारतभर एकच वेळ आहे, कोलकाता हे फक्त त्या यादीतलं नाव आहे, एवढं समजायला घंटा होईपर्यंत वेळ लागला. इन्स्टॉल दुसऱ्या दिवशी पुरं झालं.