कणा आणि कपडा

स्पायडर-वुमन गच्चीच्या कठड्यावरून वर येते आहे. हात पुढे टेकलेले, पाठ खोलगट, नितंब सगळ्यात उंच. पोशाख शिवलेला नाही, अंगावर रंग ओतलाय असं वाटावं इतका तंग. ऑगस्ट २०१४मध्ये मार्व्हल कॉमिक्सचं हे पर्यायी मुखपृष्ठ बाहेर आलं आणि गदारोळ झाला. चित्रकार इटलीचे मिलो मनारा, कामुक चित्रकथांसाठी जगभर प्रसिद्ध. म्हणून मनारांवर चिडण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. पेढेवाल्याकडून पेढेच येणार. विचारायचं ते मागणी नोंदवणाऱ्याला. स्त्री-वाचकांना जवळ आणायच्या गोष्टी त्याच सुमारास चालल्या होत्या, आणि नायिकेच्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकासाठी नेमका हाच माणूस आठवावा?

बचाव असा झाला की स्पायडर-मॅनही भिंतींवर असाच ओणवा असतो. असतो खरा. पण तो दबा धरून बसला की आता कुठे झेप घेणार, हे आपण शोधू लागतो. हिला कुठेच जायचं नाही.

*

त्याआधी, २०१२च्या शेवटी, काही चाहत्यांनी एक खोडकर उद्योग सुरू केला होता. नायिकेचं एखादं अवघडलेलं चित्र घ्यायचं आणि तिच्या जागी हॉकआय हा धनुर्धर नायक, त्याच पोझमध्ये, काढायचा. कंबर मुरडलेली, ओठ विलग, छाती आणि पार्श्वभाग दोन्ही एकाच वेळी वाचकाकडे. हे दोन्ही एकदम दिसायचे तर पाठीचा कणा मोडावा लागतो. तिचं चित्र पाहताना ते लक्षात येत नाही, त्याचं पाहताना पहिल्या क्षणी येतं. लोक पोट धरून हसले.

एवढ्या लेखांनी जे साधलं नाही ते या चित्रांनी साधलं, असं माझं मत. कारण इथे कपडा किती हा वादच नाही. हॉकआय नखशिखांत झाकलेला असला तरी हास्यास्पदच दिसतो.

*

हा घोळ आजचा नाही. कॉमिकमधली नायिका वंडर वुमन १९४१ची. जनक विल्यम मोल्टन मार्स्टन, मानसशास्त्रज्ञ. रक्तदाबावरून खोटं पकडण्याच्या चाचणीवर त्यांनी काम केलेलं. बायकांनी जगावर राज्य करावं असं मनापासून मानणारा हा माणूस, आणि त्याची नायिका मात्र अंकामागून अंक साखळदंडांत. पुरुषाने मनगटातल्या कड्यांना साखळी अडकवली की तिची शक्तीच जाते. १९४३मध्ये बालसाहित्याच्या जाणकार जोझेट फ्रँक यांनी प्रकाशकांकडे तक्रार केली. प्रकाशक गेन्स यांनी संपादकीय विभागातल्या डोरोथी रुबिचेक यांच्याकडून, साखळ्या न वापरता बाईला कोंडून ठेवण्याच्या युक्त्यांची यादी करून घेतली आणि मार्स्टनना पाठवली: साखळ्या ५० ते ७५ टक्क्यांनी कमी होतील, खपाला धक्का न लागता! नायिकेला बांधायचं की नाही हा प्रश्न यादीत नाही.

त्याच सुमारास दुसरीकडे काय चाललेलं? जस्टिस सोसायटी या नायकमंडळात वंडर वुमनला प्रवेश मिळाला, आणि पद मिळालं सचिवाचं. पुरुष लढाईवर जाणार, ही इतिवृत्त लिहिणार. ती कथा मार्स्टनची नव्हती. माझ्या लेखी हे साखळीपेक्षा वाईट.

*

ऑक्टोबर २०१६. संयुक्त राष्ट्रांनी महिला व मुलींच्या सक्षमीकरणासाठी मानद राजदूत नेमली: वंडर वुमन. समारंभात कर्मचाऱ्यांनी पाठ फिरवून निषेध केला. आक्षेप तिच्या अशक्य बांध्यावर आणि अमेरिकी झेंड्याच्या तोकड्या पोशाखावर. डिसेंबरमध्ये ही राजदूतकी आटोपली.

निषेध करणाऱ्यांशी मी सहमत आहे, पण पोशाखामुळे नाही. त्याच महिन्यात महासचिवपदाची निवड झाली होती. तेरा उमेदवारांत सात स्त्रिया. निवडले गेले आंतोनियो गुतेरेस. खुर्ची पुरुषाला, आणि राजदूत म्हणून कागदावरची बाई. तिला पायघोळ झगा घातला असता तरी हे तसंच राहिलं असतं.

*

२०१७च्या ‘जस्टिस लीग’ चित्रपटात वंडर वुमनच्या जमातीतल्या ॲमेझॉन स्त्रियांची पोटं उघडी दिसली आणि पॅटी जेन्किन्सच्या ‘वंडर वुमन’ चित्रपटाशी तुलना सुरू झाली. जेन्किन्सच्या चित्रपटातही मांड्या उघड्याच होत्या, हे कोणी फारसं बोललं नाही. गंमत म्हणजे ‘जस्टिस लीग’मधले ते कपडे घातलेल्या काही जणींनी सांगितलं, आम्हाला त्यात काही अवघड वाटलं नाही. व्यायामाने कमावलेलं शरीर दाखवण्याची हौस त्यांचीही असू शकते. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

*

सगळ्यात नेमकी टीका मात्र एका कॉमिकनेच केली आहे. ‘मिस मार्व्हल’, २०१४, लेखिका जी. विलो विल्सन, संपादक सना अमानत. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी घरातली कमला खान. तिला शक्ती मिळते आणि ती आधी होते तिची आवडती नायिका कॅरोल डॅनव्हर्स, उंच, सोनेरी केसांची, जुन्या तोकड्या पोशाखात. मग कळतं की केस तोंडावर येतात, बूट चावतात, पोशाख नको तिथे रुततो. पुढे ती पोहण्याच्या बुर्किनीवरून स्वतःचा वेश करते. कोणाला उपदेश नाही, नुसता त्रास सांगितलाय. या मालिकेच्या पहिल्या खंडाला २०१५चं ह्यूगो पारितोषिक मिळालं.

याच जातीचं एक दृश्य ‘बर्ड्स ऑफ प्रे’मध्ये आहे (२०२०, दिग्दर्शक कॅथी यान). हाणामारी ऐन रंगात असताना हार्ली क्विन सोबतिणीला केस बांधायला रबर देते. इतक्या वर्षांच्या सुपरहिरोपटांत मोकळ्या केसांनी लढणाऱ्या बायकांना हे सुचू नये! अर्थात, हार्लीला तोकड्या चड्डीत फिरवणाऱ्या २०१६च्या ‘सुसाइड स्क्वॉड’ने जवळजवळ ७५ कोटी डॉलर मिळवले, आणि ‘बर्ड्स ऑफ प्रे’ने सुमारे २० कोटी.

*

पॉवर गर्ल या नायिकेच्या पोशाखाला छातीवर चक्क खिडकी आहे. तिथे एखादं चिन्ह लावायचं होतं, पण सुचलंच नाही, असा खुलासा २००५च्या एका अंकात तिच्याच तोंडी घातला आहे. खुलासे देण्यात कॉमिकवाले कीर्तनकारांनाही मागे टाकतील. तरी २००९ची तिची मालिका मी पुन्हा काढून वाचतो. चित्रं अमांडा कॉनर यांची. खिडकी तशीच आहे, बांधाही तोच. पण कॉनर यांनी तिला कंटाळा, वैताग, आळस, खी खी हसू, सगळे भाव दिले आहेत, आणि वाचणाऱ्याचं लक्ष बहुतेक वेळ तिच्या तोंडाकडे असतं.