तोंडाने ओढायचा धागा

लालबाग,
रविवार

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला छकुली म्हणू नका, असं तू मागेच बजावलं आहेस. पण हात तेच लिहितो, त्याला मी काय करू?

प्रदर्शनासाठी केलेली गिरणी कामगारांच्या लढ्यांची तुझी सनावळी मिळाली. चूक म्हणावी असं तीत काही नाही. आज मी निवांत पत्र लिहायला बसलोय तोही कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या कृपेने. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारच्या सुटीचा ठराव केला. त्याआधी एप्रिलात लोखंड्यांच्या महालक्ष्मीच्या सभेला दहा हजार कामगार आले होते आणि दोन बायकाही त्यात उभ्या राहून बोलल्या होत्या. ते तू गाळलंयस, घाल. टिळकांच्या शिक्षेनंतरच्या १९०८ च्या संपाचे सहा दिवस शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. आणि १९८२ च्या संपावर मला लिहायला सांगू नकोस. तुझ्या आजोबांची नोकरी त्यात गेली आणि तो संप अधिकृतपणे कुणी मागे घेतलेला नाही, एवढंच माझ्याकडून लिहून घे.

माझं भांडण आहे ते १९२८ च्या संपाशी. तू लिहिलंस, ‘दीड लाख कामगारांचा सहा महिन्यांचा एकजुटीचा लढा.’ लढा होताच. दोन साच्यांवरच्या, म्हणजे मागांवरच्या, माणसाला तीन साचे सांभाळायला लावायचे आणि उरलेल्याला घरी पाठवायचं, असा मालकांचा डाव होता. माझे आजोबा, म्हणजे तुझे खापरपणजोबा नव्हेत, नुसते पणजोबा, साच्यांवरच होते. एप्रिल ते ऑक्टोबर घरात दमडी आली नाही. आजी पोरांना घेऊन गावी गेली. गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली आणि आजोबा मरेपर्यंत लाल बावट्याचेच राहिले. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण ‘एकजूट’ हा शब्द लिहिण्याआधी तू मागितलेली ती वस्तू, आजोबांचा धोटा, नीट बघ.

धोटा तू फोटोत पाहिला असशील. होडीसारखा लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड. पोटातल्या पोकळीत सुताची कांडी बसते. कडेला एक बारीक भोक आहे, तिथे बोट लावून बघ, कडा गुळगुळीत झालीय. कांडी संपली की साचा थांबवायचा, नवी कांडी घालायची, सुताचं टोक आतून भोकापाशी आणायचं आणि बाहेरून भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा. सूत तोंडात येतं. मग धोटा पुन्हा साच्यात. दिवसभर हेच, कांडीमागून कांडी. धोटा काही एकाच्या नावावर नसे. आज या तोंडाला, उद्या त्या.

म्हणून साच्यांवर अस्पृश्य माणूस नको. तो सूत काढायच्या रिंगखात्यात चाले, कारण तिथे कामात तोंड येत नाही. आणि पगार जास्त होता तो विणकामात. एवढ्याशा भोकाने हजारो माणसांचं पोट आखून दिलं होतं.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना हा धोटा तोंडाला लावून सूत ओढायला बघत होतो. जमेना. आजोबांनी हसत हसत कसं ओढायचं ते दाखवलं आणि त्याच दमात म्हणाले, “ती माणसं आमच्यात नव्हती. कशी चालतील? धागा तोंडाचा.” पावसाला उशीर झाला म्हणावं तसं म्हणाले. त्यात द्वेष नव्हता, हेच मला पुढे जास्त लागलं. त्यांच्याच शेजारच्या साच्यावरचा माणूस खोकून खोकून क्षयाने गेला. त्याचा धोटा तोंडाला लावायला कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं.

डॉ. आंबेडकर तेव्हा परळच्या बी. आय. टी. चाळीत राहत होते, गिरण्यांचे भोंगे ऐकू येतील अशा जागी. त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितलं, की अस्पृश्यांना विणकाम खात्यात काम करण्याचा हक्क तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर मी आमच्या लोकांना संपातून बाहेर काढतो. पुढाऱ्यांनी मागणी घातली, पण कुरकुरतच. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालक म्हणाले, की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. वाईट याचं वाटतं की त्यात तथ्य होतं. दाराशी मालक उभा नव्हता, आजोबा उभे होते. मालकाला ते परवडत होतं, एवढीच त्याची बाजू.

पुढच्याच वर्षी, १९२९ ला, पुन्हा संप झाला तेव्हा आंबेडकरांनी विरोध केला. आदल्या संपाने कर्जात बुडालेला माणूस पुन्हा उपाशी बसवायचा कशासाठी, हा त्यांचा सवाल होता. आजोबांच्या बैठकीत यालाच फितुरी म्हणत. मी लहानपणी तेच ऐकलं आणि बरीच वर्षं तेच खरं मानलं. आता नाही मानत. ज्याला चांगल्या खात्याच्या दारातच अडवलंय, त्याला ते खातं वाचवण्यासाठी उपास कर म्हणणारे आपण कोण?

मात्र चित्र इथेच थांबवलंस तर तेही खोटं होईल. ७ नोव्हेंबर १९३८ ला खेर मंत्रिमंडळाच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. संपावर गेल्याबद्दल तुरुंग दाखवणारा कायदा होता तो. त्या दिवशी आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटेवाले एकत्र रस्त्यावर होते. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचंच दुसरं नाव, असं आंबेडकर विधिमंडळात ठणकावत होते. तुझ्या सनावळीत १९३८ नाहीच. १९०८ जरा आखडतं घे आणि त्याला जागा कर.

धोटा सोबत पाठवतोय, जुन्या धोतरात गुंडाळून. पाटीवर गिरणीचं नाव नको, आजोबांचंही नको. हा तोंडाला लावायची मुभा कुणाला होती आणि कुणाला नव्हती, तेवढं मात्र मोठ्या अक्षरात लिही. बघणारे विचारतील, सांगायला तू तिथे उभी राहा. आणि उत्साहाच्या भरात कुणाला ओठ लावू देऊ नकोस, त्याला रॉकेलचा वास आहे. मीच पुसलाय.

काम झालं की परत आण. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा